एका हार्ट अटॅकचा जमाखर्च

रुग्ण पुरुष, वय ५१. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान इंजिनिअरिंग युनिटमध्ये व्हीएमसी म्हणजे धातू कापणाऱ्या संगणकचलित मशीनवर ऑपरेटर, पगार महिना २३ हजार. राहणार दांडिया बाजार, बडोदा. घरात बायको, म्हातारी आई आणि पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला असलेला मुलगा. जानेवारी २०२४मध्ये, उत्तरायण होऊन आठवडा उलटला असेल, पहाटे साडेचारच्या सुमारास छातीत कळ आली. खासगी हॉस्पिटलात अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला, माणूस वाचला. बिल पावणेदोन लाख.

डॉक्टरांच्या लेखी यात नवल काही नाही. मी हे मांडायला घेतलं, कारण रुग्ण माझा आतेभाऊ आहे, ज्याला मी दादा म्हणतो, आणि त्याच्या शेठचे हिशेबही माझ्याच टेबलावर असतात. त्यामुळे एकाच आजाराच्या दोन फायली माझ्याकडे आल्या, एक घरची आणि एक कारखान्याची. तिसरी फाइल देशाची, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाची. ती घरोघर कुणी उघडून दाखवत नाही, पण तिच्यात कुठली रक्कम कुठल्या खात्यावर पडते त्याचे नियम ठरलेले आहेत. या तिन्ही फायली शेजारी शेजारी ठेवल्या तर हॉस्पिटल देशाच्या अर्थव्यवस्थेत किती भर घालतं, हे बिलाच्या आकड्यावरून का सांगता येत नाही ते कळतं.

साडेचार ते सात

कळ आली तेव्हा दादानं इनो घेतला. वहिनींनी ओवा चावायला दिला, पाठ चोळली. सहाच्या पुढे घाम फुटला, डावा हात जड झाला, तेव्हा मुलानं १०८ला फोन केला. गुजरातेत ही सेवा २९ ऑगस्ट २००७पासून आहे आणि बडोदेकरांना तिच्याबद्दल फारशी तक्रार नसते. त्या दिवशीही गाडी वेळेत आली. उशीर घरातच झाला होता.

पुढे महिन्याभरानं वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, गॅस नाही हे त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. पण म्हणत होते, उजाडू दे, मग बघू. एकदा खासगीत आत गेलो की पाटल्या गेल्याच समज.”

हे वाक्य मला सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मोठ्या हार्ट अटॅकमध्ये रुग्ण दारात आल्यापासून नव्वद मिनिटांच्या आत बंद रक्तवाहिनी फुग्यानं उघडावी, असा दंडक आहे. हॉस्पिटलनं तो पाळला, त्यांच्या कामात मला खोट काढता येत नाही. पण घड्याळ त्याआधी अडीच तास चालू होतं. स्नायू रक्तावाचून मरत होता आणि माणूस पाटल्यांचा विचार करत होता. घरी सोडताना इकोचा रिपोर्ट आला, इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतल्या रक्तातलं जेवढं बाहेर ढकलतं ते प्रमाण, ४० टक्के. निरोगी हृदयाचं हे प्रमाण ५५च्या आसपास किंवा वर असतं. हा आकडा बिलात कुठेच नाही. पुढच्या दहा वर्षांची कमाई मात्र त्याच्यावरच ठरणार.

पाटल्या कशा गेल्या

अॅडमिट करताना डिपॉझिट मागितलं. घरातली चाळीस हजारांची मुदतठेव मोडली. शेठनं पन्नास हजारांची उचल दिली, “कशो वांधो नथी, पछी जोइशुं” (काही हरकत नाही, नंतर बघू) म्हणून. उरलेले पंच्याऐंशी हजार पाटल्यांवर उचलले. सोन्याच्या किमतीच्या पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंतच कर्ज द्यायचं, ही तेव्हा रिझर्व्ह बँकेची मर्यादा होती, तेवढं बसलं. सकाळी अकराला मुलगा रावपुऱ्यात सोनं तोलून घेत उभा होता, तेव्हा बाप आयसीयूत होता.

देशाच्या पातळीवर हाच प्रकार ‘खिशातून केलेला खर्च’ या नावानं मोजतात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातला हा वाटा २०१३-१४मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. त्याच काळात सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांवर गेला. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५पर्यंत अडीच टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं होतं. पण ३९.४ ही सरासरी आहे. दादाच्या घरी हा वाटा शंभर टक्के होता.

असं व्हायला नको होतं, कारण या घरासाठी एक नाही, दोन छत्र्या होत्या. पहिली राज्याची. गुजरातनं २०१२मध्ये ‘मुख्यमंत्री अमृतम’ म्हणजे ‘मा’ योजना आणली, २०१८नंतर ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली आणि २०२३मध्ये संरक्षण कुटुंबामागे पाच लाखांवरून दहा लाखांवर गेलं. वार्षिक उत्पन्न चार लाखांच्या आत असलेलं घर तिच्यात बसतं. दादाचं पावणेतीन लाखांच्या आसपास. कार्ड नव्हतं. कार्डाला उत्पन्नाचा दाखला लागतो, दाखल्याला कामाचा एक दिवस मोडावा लागतो, आणि हातीपायी धडधाकट असलेला माणूस त्यासाठी रजा टाकत नाही. मलाही तीन वर्षांत कधी विचारावंसं वाटलं नाही, आणि मी तर दाखल्यांमध्येच जगतो.

दुसरी छत्री ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, आणि तिची गोष्ट जास्त बोचणारी आहे.

पगारवाढ

ईएसआय लागू होण्याची पगारमर्यादा १ जानेवारी २०१७पासून २१ हजार आहे. दादा बरीच वर्षं तिच्या आत होता. कार्ड होतं, गोत्रीच्या ईएसआय हॉस्पिटलात वहिनींचं एक ऑपरेशनही झालं होतं. २०२१च्या दिवाळीत शेठनं चांगल्या कामाबद्दल पगार साडेवीस हजारांवरून बावीस हजार केला. पेढे आले. सहामाहीच्या मध्येच वाढ झाली तर त्या सहामाहीअखेरपर्यंत वर्गणी कापायची असते, म्हणून मार्च २०२२पर्यंत कापली गेली. त्या वर्गणीचा लाभ डिसेंबर २०२२ला संपला. पुढचा तेरावा महिना म्हणजे जानेवारी २०२४.

आकडे असे. जुलै २०१९पासून कामगाराची वर्गणी ०.७५ टक्के आणि मालकाची ३.२५ टक्के. २१ हजारांवर दोन्ही मिळून होतात महिना ८४० रुपये. एवढी रक्कम थांबली म्हणून पावणेदोन लाखांची अँजिओप्लास्टी घरच्या सोन्यावर आली, आणि आजारपणात ९१ दिवसांपर्यंत मिळू शकणारा सत्तर टक्के पगारही गेला. दादा किंवा शेठ वर्गणी चालू ठेवायला नाही म्हणाले असते असं नाही. कायद्यात तशी सोयच नाही. मर्यादा ओलांडली की दार बंद. एकवीस हजारांचा माणूस संरक्षित, बावीस हजारांचा सुस्थित, असं हे गणित आहे. कागदावर रेघ कुठेतरी मारावीच लागते हे मला समजतं. पण महागाईबरोबर पगार सरकत राहतात आणि रेघ वर्षानुवर्षं जागची हलत नाही, तेव्हा ती रेघ नव्या लोकांना आत घेण्याऐवजी आतल्या लोकांना एकेक करून बाहेर टाकत जाते.

कारखान्याची फाइल

शेठचं युनिट व्हॉल्व्हचे भाग बनवतं. दोन व्हीएमसी, दोन्ही कर्जावर. मशीन उभं राहिलं तरी हप्ता उभा राहत नाही. दादाच्या मशीनवर पहिल्या पाळीत जवळजवळ पंधरा कामाचे दिवस माणूस नव्हता. आमच्याकडे मशीनचा दर तासाला साडेचारशे धरतात. आठ तासांचे पंधरा दिवस म्हणजे ५४ हजार. अडलेलं काम शेठनं शेजारच्या शेडमध्ये जॉबवर्कला दिलं.

आता इथे अर्थशास्त्र्यांत दोन तट आहेत. एक पद्धत म्हणते, आजारी माणसाची गेलेली सगळी मजुरी हे देशाचं नुकसान. म्हणजे दहा आठवड्यांचे त्रेपन्न हजार. दुसरी, १९९०च्या दशकात नेदरलँड्समध्ये मांडली गेलेली, म्हणते की बदली माणूस मिळेपर्यंतचं तेवढंच नुकसान मोजा, कारण काम कुणीतरी करतंच. आमच्या केसमध्ये दुसरी पद्धत बरीचशी खरी ठरली. व्हॉल्व्ह ठरल्या वेळेला गेले. देशाचं उत्पादन बुडालं नाही, ते एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये गेलं.

मग नुकसान कुणाचं? बदलीला आलेला आयटीआयचा मुलगा हुशार होता, पण पहिल्याच आठवड्यात त्यानं दोन एंडमिल (कापायचे कटर) मोडले आणि कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागांचा, एक लॉट स्क्रॅपमध्ये घातला. कास्टिंग काही एकसारखी येत नाहीत. एखाद्यात कडक जागा असते, तिथे कटरचा आवाज किंचित बदलतो. दादा तो आवाज ऐकून फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, कमी करायचा, पॅनलकडे न बघता. पंचवीस वर्षांत कमावलेला हा कान कुठल्या खात्यात मांडायचा? तो कान शाबूत आहे. पण चाळीस टक्क्यांचं हृदय आणि तीस-पस्तीस किलोचं फिक्स्चर (कास्टिंग धरून ठेवणारी चौकट) उचलून टेबलावर चढवणं यांचं जमत नाही. तो कायमचा मशीनवरून उतरला. बदलीच्या हिशेबाची पद्धत हे पकडत नाही.

घरातही एक बदली झाली, तिची कुठेच नोंद नाही. वहिनी पोळ्यांच्या ऑर्डरी घेतात. त्या दोन महिने बंद होत्या. तेवढा वेळ त्या नर्स, आया, आचारी आणि औषधाच्या वेळा पाळणारं घड्याळ होत्या. पोळ्या विकल्या तर उत्पन्न, नवऱ्याची शुश्रूषा केली तर शून्य. हॉस्पिटल चौथ्या दिवशी घरी सोडू शकतं, ते या शून्याच्या भरवशावर.

तीन दारं, तीन नोंदी

आता तिसरी फाइल. दादा खासगी हॉस्पिटलात गेला आणि घरानं बिल भरलं. ही रक्कम ‘खासगी अंतिम उपभोग खर्च’ म्हणून जीडीपीत गेली. हॉस्पिटलनं विकत आणलेला माल वजा केला की उरतं ते त्याचं मूल्यवर्धन, म्हणजे पगार, डॉक्टरांच्या फिया, भाडं, व्याज, नफा.

समजा ‘मा’ कार्ड असतं. तोच डॉक्टर, अँजिओप्लास्टीची तीच खोली म्हणजे कॅथलॅब, तोच स्टेंट. पैसे सरकारनं ठरलेल्या पॅकेजच्या दरानं भरले असते, जे बाजारदरापेक्षा कमी असतात. नोंद सरकारी उपभोग खर्चात आणि रक्कम लहान.

समजा सरकारी रुग्णालयात फुकट झाली असती. तिथे बिलच नाही, म्हणून बाजारभावही नाही. अशा सेवेची किंमत राष्ट्रीय लेख्यांत तिच्या खर्चाइतकी धरतात: पगार, औषधं, घसारा. सरकारी डॉक्टरनं सकाळच्या ओपीडीत चाळीस रुग्ण पाहिले काय किंवा दीडशे पाहिले काय, त्याचा पगार तोच, म्हणून जीडीपीतली नोंदही जवळपास तीच.

आजार एक, माणूस एक, वाचलेला जीव एक. तरी चालू किमतींच्या जीडीपीत हॉस्पिटलचं ‘योगदान’ तीन प्रकारचं, आणि सर्वांत मोठं नेमकं तेव्हा जेव्हा पाटल्या गहाण पडतात. सोनेतारणाच्या व्याजातही वित्तसंस्थेचं मूल्यवर्धन आहे, तेही जमेला. त्या तिमाहीत दादाच्या आजारानं देशाचं उत्पन्न बहुधा वाढलंच.

म्हणून आरोग्यक्षेत्र किती टक्क्यांनी वाढतंय अशा बातम्या मी जपून वाचतो. हॉस्पिटलं रोजगार देतात हे खरंच आहे: नर्स, टेक्निशियन, वॉर्डबॉय, लाँड्री, कँटीन, पिवळ्या-लाल-पांढऱ्या-निळ्या डब्यांतला कचरा उचलणारी गाडी. हॉस्पिटलच्या मागणीवर कारखानेही उभे राहतात. प्रा. गज्जर, त्यांचे शिष्य कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी १९०७ साली बडोद्यात अलेम्बिक काढली आणि पुढे हे शहर औषधांचं झालं. आज स्टेंट बनवणारे देशातले मोठे कारखाने सुरत आणि वापीला, आपल्याच पट्ट्यात आहेत. हे नातं उलटं कसं फिरतं तेही मकरपुऱ्यानं पाहिलंय. एप्रिल २०२१मध्ये केंद्रानं उद्योगांचा ऑक्सिजन बंद करून हॉस्पिटलांकडे वळवला, तेव्हा फॅब्रिकेशनवाल्यांचे गॅस कटर गार पडले होते. त्या दिवसांत हॉस्पिटल अर्थव्यवस्थेचा कोण लागतो, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

बिलातल्या स्टेंटबद्दलही एक सांगायला हवं, कारण सगळा दोष बाजारावर ढकलणं सोपं आहे. फेब्रुवारी २०१७मध्ये औषधांच्या किमती ठरवणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणानं औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये केली. त्याआधी छापील किंमत सरासरी एक लाख एकवीस हजारांच्या घरात होती. २०१८मध्ये मर्यादा थोडी खाली आली, पुढे पुन्हा वाढत गेली. दादाच्या बिलात स्टेंट म्हणजे पाचवा हिस्सा, मर्यादेच्या आत. जीएसटीचा रकाना मात्र कोरा. आरोग्यसेवा करमुक्त आहे, पण त्यामुळेच हॉस्पिटलनं यंत्रांवर आणि मालावर भरलेल्या कराची वजावट त्याला मिळत नाही आणि तो कर खाटेच्या आणि कॅथलॅबच्या भाड्यात मुरतो. कोरा रकाना पाहून वहिनींना बरं वाटलं होतं. मी काही बोललो नाही.

याच फाइलीची काळी बाजू नोव्हेंबर २०२४मध्ये उघडी पडली. कडी तालुक्यातल्या बोरिसणा गावात आरोग्य शिबिर घेऊन अहमदाबादच्या एका खासगी हॉस्पिटलनं एकोणीस गावकऱ्यांना अँजिओग्राफीसाठी नेलं, सात जणांना स्टेंट बसवले, दोघे दगावले. सरकारी योजनेच्या पैशासाठी गरज नसताना हे केल्याचा आरोप ठेवून गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या. नैतिक बाजू वेगळी ठेवली आणि फक्त हिशेब पाहिला, तरी तिथला स्टेंट आणि दादाचा स्टेंट उत्पन्नाच्या वहीत सारखेच दिसतात. एका स्टेंटनं एक कमावता माणूस परत दिला, दुसऱ्यानं नेला. हे वेगळं करणारा रकाना वहीत नाही, आणि तो नाही तोवर कार्डांची संख्या आणि पॅकेजची रक्कम यांवर योजना जोखणं धोक्याचं आहे.

सयाजीत

एप्रिलपासून दादा तपासणीसाठी सयाजी हॉस्पिटलला जातो, कारण खासगीची फी देण्याजोगं काही उरलं नव्हतं. काउंटेस ऑफ डफरिन यांच्या नावानं १८८६मध्ये सुरू झालेलं हे हॉस्पिटल. पुढे १९४९मध्ये मेडिकल कॉलेज आलं. ओपीडीच्या रांगेत दाहोदचे, छोटा उदेपूरचे आणि थेट मध्य प्रदेशातल्या अलीराजपूरचे लोक असतात. बाहेर नारळपाण्याच्या गाड्या, चहा, झेरॉक्स, मुक्कामाच्या स्वस्त खोल्या. यातलं बरंच कुठल्याही आकडेवारीत नीट येत नाही. आत कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी फुकट मिळते. कधी एखादी संपलेली असते, मग जनऔषधी दुकान. दादा म्हणतो, रांगेत दोन तास जातात, पण डॉक्टर चारच वाक्यं बोलला तरी त्यातलं एकही बिलासाठी बोलत नाही.

वर्षभर या गोळ्या चुकल्या असत्या तर स्टेंट बंद पडायचा धोका होता. म्हणजे पावणेदोन लाखांचं काम टिकवून धरलं ते जवळपास किंमत नसलेल्या या रांगेनं. देशाला हॉस्पिटलनं नेमकं काय दिलं असं मला कुणी विचारलं, तर मी खासगी हॉस्पिटलातली ती नव्वद मिनिटं आणि सयाजीतल्या त्या महिन्याच्या फेऱ्या, दोन्ही एकत्र मोजीन. बिल त्याच्या खाली येईल.

पुन्हा एकवीस हजार

दादा एप्रिल २०२४मध्ये कामावर रुजू झाला, पण इन्स्पेक्शनच्या टेबलावर. मायक्रोमीटर, बोअर गेज, बसून काम. मशीनभत्ता गेला आणि पगार साडेवीस हजार झाला. म्हणजे पुन्हा ईएसआयच्या आत! पगार कापला गेल्यानं माणूस संरक्षित झाला. वहिनींना हे समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मग आता शेठना सांगा, कृपा करून वाढ देऊ नका.”

शेठना हजारानं वाढ द्यायची होतीच, दादा मुलांना शिकवतो म्हणून. त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, सप्टेंबर संपेपर्यंत थांबा आणि १ ऑक्टोबर उलटल्यावर द्या. मग ऑक्टोबरपासूनच्या सहामाहीची वर्गणी मार्च २०२५पर्यंत कापता येईल आणि लाभ डिसेंबर २०२५पर्यंत राहील. तसंच केलं. दरम्यान वहिनींनी स्वतः मामलतदार कचेरीत बसून दाखला काढला आणि ‘मा’ कार्ड करून घेतलं.

युनिटमधल्या एकवीस हजारांवरच्या सहा जणांसाठी ग्रुप मेडिक्लेम घ्या, असं मी शेठच्या मागे लागलोय. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला, ग्रुपवरचा राहिला, आणि शेठ त्या अठरा टक्क्यांवर अडलेत. मी त्यांच्यासमोर चोपन्न हजारांची ती जुनी नोंद ठेवली आहे. दोन कंपन्यांची कोटेशनं आली आहेत, तिसऱ्याचं यायचंय.